लाल कॅनवरची पट्टी

—नाही नाही, तिथेच थांबा. पायरी चढू नका. गवत कापायचं मशीन बघायला आलात ना, बघा की, खुशाल बघा, पण आधी हातातलं ते खाली ठेवा. जमिनीवर. उन्हात नको हो, भिंतीच्या सावलीत. हं. आता सांगा, काय आहे त्यात? पेट्रोल. तरी म्हटलं, संत्र्याचं चित्र असलेल्या बाटलीत हे पिवळट काय घेऊन आले! आणि काढलंत कुठून? स्वतःच्या स्कूटरमधून, नळी लावून. वा! आणि गाडीत कुठे होती ही? बायकोच्या पायाशी. आणि मागच्या सीटवर ती चिमुरडी. काय वय तिचं? साडेतीन. म्हणजे बाटलीचं झाकण फिरवून बघायचं अगदी बरोबर वय. नाही, मी रागावले नाहीये. रागावले की मी अशी बोलत नाही, गप्प बसते, माझ्या मुलीला विचारा. मशीन चालू करून दाखवायला पेट्रोल लागेल म्हणून बिचारे घरून घेऊन आलात, एवढा विचार कोण करतो? फक्त तो विचार बाटलीपाशी येऊन थांबला, इतकंच.

या आता शेडमध्ये. मशीन उत्तम आहे. नऊ वर्षं आमच्याकडे आहे, पण अंगावर ओरखडा दाखवा. आमचे हे गवत कमी कापायचे आणि मशीन जास्त पुसायचे. आणि इंजिन गरम असताना पेट्रोल? छे! मध्येच संपलं तर अर्धं अंगण कापलेलं, अर्धं तसंच, आणि हे खुर्ची टाकून बसलेले — ‘इंजिन निवू दे.’ जाणारे-येणारे बघायचे. गल्लीतली पोरं यांना झाकणकाका म्हणायची. का म्हणजे? दिसेल त्याचं झाकण बघायचे ना. लोणच्याची बरणी असो, शाईची दौत असो, पाण्याची टाकी असो — झाकण नीट बसलंय का? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या पावडरच्या डब्याचं झाकण बसवून ठेवलं होतं. मी म्हटलं, झालं, आयुष्यभर हेच!

पेट्रोलसाठी तो लाल कॅन घेतला त्या दिवशीचं तर विचारूच नका. दुकानात एक तास. हार्डवेअरवाल्याने सात कॅन काढून मांडले, यांनी सातही उघडले, मिटले, उलटे धरले. हा नको, याच्यावर पेट्रोलसाठी आहे असं लिहिलेलं नाही. हा नको, नुसतं पाण्याचं प्लास्टिक. हा वीस लिटरचा — भरल्यावर उचलणार कोण, दारासिंग? शेवटी हा, दहा लिटरचा, लाल, तोंडाशी बारीक जाळी — ती जाळी कशाला, माहितीये? बाहेर ज्योत लागली तर आत शिरू नये म्हणून. लोक लवकर ओतता यावं म्हणून ती उपटून टाकतात, शहाणे! — आणि तोटी अशी की हात सोडला की आपोआप बंद. दुकानदार तोवर जेवायला निघून गेला होता. मग मला म्हणाले, तू उघडून बघ. मी म्हटलं, मला कशाला उघडायचाय, तुम्ही आहात ना. तर म्हणाले, तुला उघडता आला पाहिजे आणि पोरांना उघडता येता कामा नये, तो खरा कॅन. तिथे भर दुकानात मला चार वेळा उघडायला लावला. दाबायचं आणि मग फिरवायचं. दाबायचं आणि मग फिरवायचं. ...असो.

हो, तोच. मशीनच्या मागे, फळीवर आहे तो. काय म्हणता? हलवलात? — हलवू नका हो. आहे, आत आहे पेट्रोल. सात लिटर असेल. नाही, ते नाही घालता येणार. जुनं आहे. जुनं पेट्रोल मशीनला चालत नाही, कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं, मग तुम्हीच म्हणाल, बाईने बिघडलेलं मशीन गळ्यात मारलं. किती जुनं? दोन-तीन महिन्यांत संपवायचं असतं ते. म्हणून तर प्रत्येक वेळी भरलं की हे कागदी पट्टी चिकटवायचे, तारीख घालून. पुढच्या वेळी जुनी पट्टी काढायची, नवी लावायची. शिस्त म्हणजे शिस्त. चष्मा आहे ना तुम्हाला? वाचा की मग.

हं. वाचलंत.

नाही, वर्ष लिहायला चुकलेले नाहीत. तीन वर्षांपूर्वीचंच आहे. गुरुवारी भरून आणलं. पंपावर कॅन डिकीतून काढून जमिनीवर ठेवला, तसाच भरला — गाडीत ठेवून भरायचा नाही, खालच्या गालिच्यामुळे वीज साठते म्हणे, ठिणगी उडते — आणि काठोकाठ नाही, वर चार बोटं जागा, कारण उन्हात ते फुगतं. सगळं नेहमीसारखं. थोडं मशीनमध्ये घातलं, रविवारी गवत कापायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी हे गेले. चहा व्हायच्या आधी. गवत मग शेजाऱ्यांनी कापलं, त्यांच्या मशीनने. मला कळलंसुद्धा नाही कधी कापलं.

अहो, तोंड असं करू नका, तीन वर्षं झाली. मी तुम्हाला हे सांगत होते की पेट्रोल जुनं आहे. एवढंच सांगायचं होतं.

आणि मला कळत नाही असं नाही. नदीकडच्या रस्त्याला ते केंद्र आहे ना, जुनं तेल, रंग, बॅटऱ्या घेतात — पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, एकपर्यंत — तिथे मी हा घेऊन दोनदा गेले. दोनदा! पहिल्या वेळी म्हटलं, गर्दी आहे. गर्दी म्हणजे एक माणूस होता, रंगाचे दोन डबे घेऊन. दुसऱ्या वेळी काही म्हटलंच नाही, गाडी वळवली. तिथला तो माणूस आता मला ओळखतो, बाजारात भेटला तरी विचारतो, ‘ताई, कॅन बरा आहे ना?’ जसा काही माझा भाचाच. पण मी नीट सांभाळलाय हं. गीझरजवळ नाही, घरात नाही, इथेच, या जाळीच्या खिडकीपाशी. उन्हाळ्यात दुपारी कॅन फुगतो, मग बाहेर सावलीत आणायचा, तोंड लांब ठेवून झाकण अगदी थोडं सैल करायचं, की तो... आवाज येतो. वाफ जाते बाहेर. लांब, हळू. एखादं माणूस ऑफिसातून आलं आणि बूट काढून खुर्चीत बसलं की सोडतं ना श्वास, तसा. आता हे काय मी तुम्हाला सांगत बसले! वाफ आहे ती. भूगोल शिकवायचे मी, विज्ञान नाही, पण एवढं कळतं.

मुलीला यातलं सांगू नका. म्हणजे तुम्ही कुठे सांगणार, पण जाहिरात तिनेच दिलीये, फोन तिचाच आहे त्यात. सोमवारी या घराच्या किल्ल्या द्यायच्यात, मी तिच्याकडे राहायला जातेय, तिसऱ्या मजल्यावर. तिथे पेट्रोल कुठे ठेवणार, फ्रिजवर? तिने दहादा विचारलं, आई, त्या कॅनचं काय केलंस? मी सांगितलं, दिला रिकामा करून. सत्तावीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून अंगठे धरायला लावले, आणि—

अहो, तुमची मुलगी! उतरली बघा गाडीतून. धरा, धरा तिला. ये गं, ये. काय पाहिजे? बघा, बोट कुठे दाखवतेय. संत्री. तिला संत्र्याची बाटली पाहिजे. नाही बाळ, ती नाही, ती घाणेरडी आहे, तुझ्या बाबांनी खराब करून ठेवलीये. आईकडे जा, शाब्बास. — हात लावून बघा त्या बाटलीला. बघा! मऊ पडलीये की नाही? बूड फुगलंय. पातळ प्लास्टिक आहे हो, त्याला कुठलं पेट्रोल झेपायला. ही परत गाडीत नाही जाणार. इथे तर ठेवायचीच नाही.

दुसरा कॅन? दुसरा कुठला, आमच्याकडे एकच आहे.

...एकच आहे.

आणा तो इकडे. नाही, थांबा, मीच आणते. तुम्ही अंगणातला नळ धरा आधी, धातूचा आहे ना, हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरेल. आमच्याकडे सगळ्यांनी धरलाय तो नळ, माझ्या जावयानेसुद्धा. फोन बायकोकडे द्या. हं. कॅन खाली, सपाट जागेवर. दाबायचं आणि मग फिरवायचं. मागे व्हा थोडे. बोलू नका जरा.

...

झालं. ओता आता. सावकाश, बाटलीचं तोंड कॅनच्या तोंडाला टेकवून, जाळी तशीच राहू द्या. ओता की. माझ्याकडे काय बघताय, कॅनकडे बघा! पुरे. आता ते काही यांनी आणलेलं राहिलं नाही, तुमच्या स्कूटरचंही राहिलं नाही. टाकायचं पेट्रोल आहे, बस. झाकण लावा. आवाज आला? टक्कन आला पाहिजे. परत लावा. हं, आला.

आज तिसरा शनिवार, साडेअकरा झालेत. केंद्र एकपर्यंत आहे. बायको आणि मुलगी इथे माझ्याजवळ थांबतील, तुम्ही एकटे जायचं. कॅन डिकीत उभा, बाजूला हे पोतं दाबून लावा, कलंडायला नको, खिडक्या उघड्या, आणि वाटेत कुठेही थांबायचं नाही, सिगारेट तर— ओढत नाही? गुणी आहात. तिथल्या माणसाला सांगा, ताईंनी पाठवलाय. काही बोलला तर बोलू द्या. येताना रिकामा कॅन घेऊन या, चांगल्या पेट्रोलचं आपण नंतर बघू. मशीन तुमचं, कॅनही तुमचा. त्याचे पैसे नकोत.

थांबा, पट्टी. नव्याने भरलं की नवी पट्टी, तशी कशी सोडेन तुम्हाला? ...निघतेय. अख्खी निघाली, बघा. माझ्याकडे राहू दे. खिशात पेन आहे ना? ही घ्या कोरी, लिहा. आजची तारीख. मोठं लिहा, माझ्यासाठी नाही हो, त्या माणसाला वाचता यावं म्हणून. वर्षसुद्धा घाला.

निघा आता. आणि ती बाटली कुठे घेऊन चाललात? ठेवा इथे. माझा नाही विश्वास तुमच्यावर.