फाइलीत लिहिलेलं काम

फिजिओ: गुडघा हळू टेकवा, दादा. खाली उशी आहे.

फरशीवाला: उशी काय, लोणी ठेवलं तरी... आई गं! नाही, नाही जमत. काढा ती उशी.

फिजिओ: दोन सेकंद टेकला होता.

फरशीवाला: दोन सेकंदांत कोण फरशी बसवतं, ताई? ऑपरेशनला चार महिने झाले. टाच ओढा, पाय उचला, बर्फ लावा. दिवसाचे आठ तास गुडघ्यावर काढणारा माणूस मी, आणि आता उशीला घाबरतोय!

बायको: त्यांच्यावर कशाला ओरडता? आजच आल्यात त्या. पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टर नऊ महिने थांबा म्हणाले होते. पाचव्या महिन्यात टाइलचं खोकं खांद्यावर घेऊन जिना कोण उतरलं? मी?

फरशीवाला: झालं सुरू. उगाळ तेच तेच.

बायको: उगाळणारच. लिगामेंट दुसऱ्यांदा तुटलं, पण खोड काही गेली नाही.

फरशीवाला: आणि तेव्हा चौथ्या महिन्यात मी गुडघा टेकत होतो, ते नाही सांगत! असं समोर, वाटीच्या खाली, सुरी खुपसल्यासारखं दुखत नव्हतं. या खेपेला डॉक्टरांनीच काहीतरी घोळ घातलाय.

फिजिओ: घोळ नाही. पहिल्या वेळी मांडीच्या मागची दोरी काढून लिगामेंटच्या जागी लावली होती. ती तुटली. या वेळी वाटीखालची पट्टी काढून लावलीय. मजबूत असते, पण जिथून काढली ती जागा टेकली की दुखते.

फरशीवाला: किती दिवस?

फिजिओ: काहींचं वर्षभरात कमी होतं. काहींचं थोडं राहतंच.

फरशीवाला: राहतंच म्हणजे?

फिजिओ: राहतं, दादा.

बायको: अहो, पण फरशीवाल्याची नेमकी पुढचीच पट्टी काढायची? एवढे शिकलेले डॉक्टर, विचारायला नको?

फिजिओ: विचारलंय, वहिनी. सकाळीच फाइल वाचली मी. हे बघा, "व्यवसाय ठेकेदार. गुडघ्यावर बसण्याचं काम नाही."

बायको: ठेकेदार? आमच्या सात पिढ्यांत कुणी ठेकेदार नाही. दुसऱ्या कुणाची तरी फाइल असेल.

फिजिओ: खाली यांची सही आहे.

(फरशीवाला फाइलीकडे न बघता गुडघा चोळत राहतो.)

बायको: अहो?

फरशीवाला: पाणी दे जरा.

बायको: आधी बोला.

फरशीवाला: काय बोलू? पहिल्या खेपेला फरशीवाला सांगितलं. हॉस्पिटलात नाव नोंदवायच्या खिडकीवरची ती बाई, माझ्या निम्म्या वयाची. म्हणाली, "ए, तिकडे उभा राहा." काखेत कुबड्या होत्या माझ्या! दुसऱ्या खेपेला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि ठेकेदार सांगितलं. "बसा ना, साहेब." खुर्ची दिली मला. मग विचारलं, गुडघ्यावर बसायचं काम पडतं का? आता ठेकेदार कुठे गुडघ्यावर बसतो?

बायको: एका खुर्चीपायी!

फरशीवाला: हो, एका खुर्चीपायी. तुला नाही कळायचं.

बायको: मला नाही कळायचं? चार घरची धुणीभांडी करते मी. रोज 'ए' ऐकते. म्हणून मॅनेजर आहे म्हणत सुटले का कधी?

फरशीवाला: चुकलं माझं. आता काय डोकं फोडून घेऊ? ताई, खरं सांगा. तेव्हा खरं बोललो असतो तर ही पट्टी वाचली असती?

फिजिओ: कदाचित दुसऱ्या पायाची मांडीमागची दोरी घेतली असती. कदाचित हीच पट्टी घेतली असती. मला नाही सांगता येणार.

फरशीवाला: म्हणजे जन्मभर याच विचारात कुढायचं.

फिजिओ: कुढा, पण व्यायाम करता करता. आतापर्यंतचा तुमचा तक्ता त्या ठेकेदाराचा होता. मला तो नव्याने करावा लागेल. काम काय लिहू?

बायको: लिहा, फरशी...

फरशीवाला: तू थांब. मी सांगतो. फरशीवाला लिहा, ताई. आठ तास गुडघ्यावर, हेही लिहा. आणि मला खुशाल अरे-तुरे करा, आता काही वाटायचं नाही. हा गुडघा तेवढा जमिनीला टेकू दे.