वहीतलं नातं

ब्लांटायरला जाणारी मिनीबस भरल्याशिवाय झोंब्याच्या थांब्यावरून हलणार नव्हती. सुक्या मासळीची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या एस्नातचे कान मागच्या बाकाकडे होते. तिथे एक बाप्या शेजारच्या म्हातारीला सांगत होता.

"बायको बाळंतपणात गेली, आजी. दूध तरी मिळेल म्हणून पोरगी मिशनच्या अनाथालयात ठेवली. दोन वर्षांची झाली की घरी आणायची."

"मग आता काय झालं?"

"मिशनला पैसे पाठवणाऱ्या परदेशातल्या मंडळ्यांनी हात आखडता घेतलाय. आईबाप दोन्ही नसलेल्या पोरांपुरतेच पैसे देणार म्हणे."

"आणि तू तर धडधाकट."

"म्हणून कागदावर मारलं मला."

"मारू दिलंस?"

"दूध बंद झालं असतं, आजी."

"देवाच्या नावाने चालवतात ना रे ते? आणि बाप जिवंत आहे म्हणून लेकराला उपाशी ठेवायचं?"

"तिथली सिस्टर बिचारी रडली. येत जा म्हणाली, पण बाप म्हणून नको. आज गेटावरच्या वहीत नातं लिहिलं, शेजारी."

"लाज नाही वाटत मेल्यांना."

"आत त्या परदेशी मंडळ्यांचेच पाहुणे होते, फोटो काढत. पोरीने मला लांबून पाहिलं आणि 'बाबा' म्हणून ओरडली. पहिल्यांदाच."

"मग तू काय केलंस?"

"मागे वळून बघितलं. जशी काही दुसऱ्याच कुणाला हाक मारतेय."