मुंगीची मिशी

नाही नाही, हत्ती नाही तो — माझी टाच आहे. भेगा पडल्यात ना, म्हणून तसं वाटतं. आणि मागे छापून दिलात तो फोटो, ते सुकलेलं तळं नव्हे, साबणाची वडी. तुमचा दोष नाही, दादा, फार जवळून बघितलं की सगळंच दुसरं काहीतरी दिसतं. मुलीनं मोबाइलला लावायचं भिंग दिलंय, चिमट्यानं बसतं — मला लिहितावाचता येत नाही, पण ह्यात वाचायचं काय असतं? जवळ जायचं, श्वास धरायचा, बोट टेकवायचं. मुंगी तेवढी थांबत नाही. तिच्यासाठी साखर ठेवून बसावं लागतं — बसतो. जन्मभर भिंती रंगवल्या, पहिला हात वाळेपर्यंत बसूनच राहायचं असतं, त्याची सवय आहे.

नाही हो, नाद कसला — आमच्या हिच्यासाठी. शिंप्याकडे काजं करायची ती. नजर अशी, की मी रंगवलेल्या भिंतीत ब्रशचा केस अडकला तर दारातूनच सांगायची, केस राहिलाय म्हणून. तिचीच नजर गेली. म्हणजे मधली गेली, कडेची थोडी राहिली — डॉक्टर म्हणाले, मोठं काही असेल तर दिसेल. आता एवढी मोठी मुंगी कुठून आणू? म्हणून हे. तुमच्याकडून पेपराएवढा फोटो न्यायचा, तिच्यासमोर धरायचा, ती मान तिरकी करून बघते, कोंबडीसारखी — हे मी नाही म्हणत, तीच म्हणते — आणि बरोबर ओळखते. ओळखून वर नावं ठेवते. शर्टाचं बटण दाखवलं तर म्हणाली, 'असला गचाळ टाका तुमचाच.' होता माझाच.

परवाचं सांगू का — सांगायचं नव्हतं खरं, पण तुमच्या मशीनवर रंग जुळेपर्यंत सांगतो. मुंगीचा फोटो नेला ना मी, गुंडाळी करून दिलात तो. घरी उलगडला, धरला. 'मुंगी आणलीय,' म्हटलं — मला धीर नसतो, आधीच सांगून मोकळा होतो. कागदाकडे मी बघतही नाही, तिच्या तोंडाकडे बघतो. ती बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, 'मिशी बघा कशी ऐटीत धरलीय. छान आलाय हो.' मी खूष. खाली ठेवायला गेलो तर मुंगी माझ्याकडे तोंड करून. तिच्याकडे नुसता कोरा कागद.

'मिशी आहे खरी झोकदार,' म्हटलं आणि चहा टाकला. मग आठवत बसलो. बटणाच्या वेळी 'बटण' मीच म्हटलं होतं. साबणाच्या वेळी हाताला वास. कधीपासून चाललंय तिचं, कोण जाणे — विचारलं तर खरं सांगेल, म्हणून विचारत नाही. मी घराबाहेर पडावं, गवतात बसावं, इथं येऊन तुमचं डोकं खावं, म्हणून करते ती हे. काम सुटल्यावर मी दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचो, ते बघितलंय तिनं. तेव्हा दिसत होतं तिला.

मग काय करू, बंद करू? फोटो नाही नेला तर ती काय समजेल? असं बघू नका माझ्याकडे. टाच काढा, मोठीच काढा, भेगा पुसू नका — टाचेवरून दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहायची नाही ती. आणि एक काम होईल का, दादा? मागच्या बाजूलाही हाच छापता येईल? हो, दोन्हीकडून. शाई लागेल जास्त, लागू दे. म्हणजे मी कसाही धरला, तरी ती चुकायची नाही.

बरं, जा आता, ते गिऱ्हाईक केव्हाचं ताटकळलंय. मी बसतो बाहेर बाकावर. वाळेपर्यंत.