डाव्या अंगाचा दिवा

"हॅलो?… हॅलो, कोण?… आई, तू होय! अगं, नंबर नाही बघितला, हातात मोजे आहेत… मोजे! दिवे तापतात, चटका बसतो म्हणून… हो, थिएटरातच आहे. बोल."

नाटकांचे दिवे लावणारी ही बाई घरच्यांची ठमी होती आणि थिएटरातल्यांची ताई. दुपारची वेळ. प्रेक्षागृह रिकामं, खुर्च्यांवर धुळीची कापडं तशीच. मधल्या रांगेत फळी टाकून तिने आपला कंट्रोल बोर्ड मांडला होता, आणि समोर रंगमंचावर साक्षीदाराचा लाकडी पिंजरा तेवढा उजेडात उभा होता. परवा पहिला प्रयोग. कोर्टात साक्ष द्यायला आलेल्या म्हातारीचं नाटक, आणि ती म्हातारी करणार होती ठमीची आई. सहा वर्षांनी ती प्रेक्षकांसमोर उभी राहणार होती.

"काय?… येणार नाहीस म्हणजे?… आजच्या तालमीला नाहीस, की नाटकातच नाहीस?… आई, हळू. एकेक सांग. कोण म्हणालं?… मेकअपकाका? त्यांना कोणी विचारलं होतं?… बरं, नाही चिडत. काय म्हणाले काका?… हं… हं… 'डाव्या बाजूच्या दिव्यांना निळे कागद लावलेत.' बरोबर, लावलेत. मीच लावलेत… आणि म्हणून तू येणार नाहीस? निळ्या कागदापायी?"

तिने मोजे काढून फळीवर आपटले.

"नाही… नाही, ऐक… समोरून नाही लावणार… भरपूर तर मुळीच नाही लावणार. आई, तू नाटकातली एवढी जाणती, आणि हे सांगतेस? समोरून सरळ भपकन उजेड मारला की चेहऱ्याची थाळी होते. घासून पालथी ठेवलेली थाळी! नाक नाही, गाल नाही, हनुवटी नाही… दिसतं गं, सगळं दिसतं, पण बघावंसं काही उरत नाही… हो, तुझी मुलगी आहे म्हणूनच तोंडावर सांगतेय. दुसरी असती तर 'हो बाई, हो बाई' करून मोकळी झाली असती."

पलीकडून बराच वेळ सरबत्ती झाली. ठमीने फोन कानापासून वीतभर लांब धरला, आणि आवाज जरा उतरल्यावर पुन्हा जवळ घेतला.

"झालं?… आता माझं ऐकशील? रागव, पण ऐक. आधी मी काय केलं, तर नाटक वाचलं. तीनदा वाचलं. दिवा कुठे टांगायचा हे मागाहून. आधी ठरवायचं, कोणाला काय दिसायला हवं… हो, आणि काय नको तेही. मग रंगमंचाचे तुकडे पाडले. इथे पिंजरा, इथे न्यायाधीश, इथे वकिलाची येरझार. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे दिवे, म्हणजे एक उजळला तर दुसरा झाकता येतो. आणि प्रत्येक तुकड्यावर दोन अंगांनी उजेड, एक उजवीकडून, एक डावीकडून. वरून तिरका… अगदी डोक्यावरून नाही गं, डोक्यावरून सोडला तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, भूत उभं राहील. आणि फार खालूनही नाही. उन्हं कलायला लागलेली असतात ना, तशी तिरीप. तीच आपल्या डोळ्याला ओळखीची… मागून पण आहे एक. खांद्यांवर कड पडते, माणूस मागच्या पडद्याला चिकटून राहत नाही, सुटा होतो… कळतंय ना?… 'मला नको शिकवूस' काय! तूच विचारलंस."

"बाबांचं नाव काढू नकोस हं… नाही, काढू नकोसच. बाबांनी जन्मभर तुला समोरून उजेड दिला, मान्य. पण का दिला? त्या जुन्या थिएटरात सज्जाच्या कठड्याखेरीज दिवा टांगायला जागा होती का कुठे? बाजूला भिंत, वर पत्रा. बिचाऱ्याने जे होतं त्यात भागवलं. त्यांना इथे हे आडवे पाइप मिळाले असते ना, तर जेवायला घरी आले नसते… हसलीस! हसलीस की नाही?… बरं, नाही हसलीस."

पण हसू ठमीच्याही ओठांवरून लगेच ओसरलं. कारण जे बोलायचं ते दोघीही टाळत होत्या.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी आई तोंड धुवायला गेली आणि चूळ ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळाली. आरशात बघते तर डावा गाल खाली आलेला. डॉक्टरांनी चेहऱ्याच्या नसेचं नाव घेतलं, गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. पुष्कळ सुधारलं. आईने फुगे फुगवले, मेणबत्त्या फुंकल्या, 'प' आणि 'ब' पुन्हा घासूनपुसून लख्ख केले. पण डावा गाल काही पूर्ण वर आला नाही, आणि डावा डोळा मिटताना अर्ध्यावरच थबकायचा. त्या दिवसापासून नाटक बंद. बोलावणी आली, ती तिने दारातूनच परत पाठवली. हे पहिलं नाटक होतं ज्याला ती हो म्हणाली होती.

"आई… स्पष्ट बोलू?… मला ठाऊक आहे तुला समोरचा उजेड का हवाय. बाजूने उजेड पडला की गालाची सावली पडते, ओठाची कड दिसते. समोरून भपकारा मारला की सगळं पुसलं जातं. तुला लपायचंय… थांब, बोलू दे. तुला लपायचंय, आणि मी नाही लपवणार. त्या म्हातारीने सगळ्या गावाविरुद्ध साक्ष दिलीय, ती काय गुळगुळीत गालाने देईल? लोकांना बघू दे. ज्याला बघवत नाही त्याने डोळे मिटावेत. मी… हॅलो?… आई?"

मग आई बोलू लागली, आणि या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता. ठमी उभी राहिली.

"काय?… पुन्हा सांग… 'उजवा गालच'… कोण म्हणालं उजवा गालच दाखव?… दिग्दर्शक? कधी?… काल? मी जेवायला गेले होते तेव्हा?… आडवी उभी राहा म्हणाला? न्यायाधीशाकडे पाठ, प्रेक्षकांकडे उजवा गाल?… साक्ष देताना?… आणि तू काय म्हणालीस?… काहीच नाही बोललीस?… अगं, पण मला सांगायचं ना!… काय? मला ठाऊक असणार असं वाटलं? मला?"

ती खुर्चीच्या हातावर टेकली.

"थांब, थांब. म्हणजे काकांनी निळे कागद सांगितले, आणि तुला वाटलं की मी आणि तो मिळून डावी बाजू काळोखात घालतोय… आई! पोटच्या पोरीबद्दल असं वाटलं तुला?… नाही, रडत नाहीये. धुळीने होतंय… म्हणजे तुला समोरचा उजेड लपायला नको होता. तुला समोर तोंड करून, दोन्ही गाल उजेडात ठेवून उभं राहायचंय… हो… हो गं… आणि मी शहाणी तुला भित्री ठरवून मोकळी झाले. माझं चुकलं. साफ चुकलं."

"आता निळ्याचं ऐक. निळा म्हणजे काळोख नव्हे! कोर्टाला डावीकडे उंच खिडकी आहे, तिथून सकाळचा गार उजेड येतो, तो निळसर. उजवीकडे आतला पिवळा दिवा, तो उबदार. दोन्ही एकाच जोराचे. एकाच रंगाचे लावले असते तर पुन्हा थाळीच झाली असती. एक गार, एक उबदार, म्हणजे चेहऱ्याला दोन बाजू येतात. दोन्ही दिसतात… हो, डावीही. उजवीइतकीच… अगं, वचन कसलं, बोर्डावर दिसतंय मला, दोन्ही दिव्यांच्या सरकत्या दांड्या एका रेषेत आहेत."

तेवढ्यात प्रेक्षागृहाचं मागचं दार उघडलं आणि दिग्दर्शक आत आला. चहाचा कागदी पेला हातात, चष्मा कपाळावर. माणूस वाईट नव्हता. आईला नाटकात आणायला तोच तिच्या दाराशी चार वेळा जाऊन बसला होता. त्याने पिंजऱ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि लांबूनच हात हलवत म्हणाला की डावीकडचे दिवे जरा मंद कर, पिंजऱ्यापुरते बंदच कर.

"आई, धर एक मिनिट… नाही, ठेवू नकोस, धर!… नाही करणार साहेब. हो, ऐकलं मी. डावी बाजू बंद नाही होणार… कारण तिथे खिडकी आहे. कारण नाटकात लिहिलंय. आणि कारण मी म्हणते म्हणून… हो, फोनवर तीच आहे."

दिग्दर्शक जवळ आला. दबक्या आवाजात त्याने आपली बाजू मांडली. लोक कुजबुजतील. पहिल्या रांगेत बसणारे एकमेकांना कोपरं मारतील. सहा वर्षांनी बाई उभी राहतेय, तिची कीव होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

ठमीने फोन छातीशी धरला नाही. कानाशीच ठेवला, म्हणजे पलीकडे सगळं ऐकू जावं.

"ऐकलंस?… हं… हं, सांगते… साहेब, आई म्हणतेय, कीव लपवलेल्याची होते, दाखवलेल्याची नाही… आणि काय?… ती म्हणतेय, साक्षीदार न्यायाधीशाला पाठ दाखवून उभा राहिला, तर त्याच्या साक्षीवर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही. हे तिचं वाक्य, माझं नाही… हो आई, सांगितलं… तसंच्या तसं सांगितलं, 'कुत्रंसुद्धा' धरून."

दिग्दर्शकाने पेला खुर्चीवर ठेवला. मग म्हणाला, असंच असेल तर दुसरी नटी बघावी लागेल.

"बघा की! पण मग दुसरी दिवेवालीही बघा. मी माझे दिवे उतरवते, एकेक साखळी सोडून, आत्ता, तुमच्यासमोर… नाही आई, तू मध्ये बोलू नकोस, हे माझं आहे… का म्हणजे? मी परवासाठी एका माणसाचे दिवे लावलेत, अर्ध्या माणसाचे नाही. अर्धंच दाखवायचं असेल तर भिंतीवर तसबीर लावा… काय गं?… तसबिरीलासुद्धा दोन गाल असतात? हो, तेही खरं!"

ती हसली, आणि तिच्या नकळत दिग्दर्शकाच्याही मिशीत काहीतरी हललं. पण होकार काही त्याने दिला नाही. तो पिंजऱ्याकडे बघत राहिला.

"तो पिंजऱ्याकडे बघतोय नुसता… काय?… साहेब, ती विचारतेय, तुम्ही तिला या दिव्यांत, समोर तोंड करून साक्ष देताना एकदा तरी पाहिलंय का?… नाही म्हणतोय. मान हलवली त्याने… हो, बरोबर आहे तुझं. न बघताच ठरवलं… ती म्हणतेय, आज एकदा बघा. दोन्ही दिवे, तोंड समोर, सगळं भाषण. त्यानंतर तुम्ही म्हणाल तर ती स्वतः घरी जाईल, कोणाला दोष देणार नाही… आई, हे काय बोलतेस! मी नाही… बरं. बरं बाई. तुझं नाटक, तू जाण."

दिग्दर्शक तिसऱ्या रांगेत गेला. खुर्चीवरचं कापड त्याने स्वतःच ओढून काढलं, घडी न करता बाजूला टाकलं आणि बसला.

"बसला! तिसऱ्या रांगेत… तर तू निघ आता. आणि साडी पांढरी नको, उजेड परतवते, चेहरा मागे पडतो… राखाडी चालेल… काय?… थांब, काय म्हणालीस? डाव्या डोळ्याचं काय?… उजेडात पाणी येतं? पुसत बसावं लागतं?… हे आत्ता सांगतेस! मला वाटलं, सगळं ठरलं आणि… नाही, नाही, दिवा बंद नाही करायचा. तो डोळा नीट मिटत नाही, मग सरळ बुबुळावर आला की चुरचुरणारच. तोच दिवा मी आणखी थोडा बाहेर नेते आणि किंचित वर घेते. गालावर पडेल, डोळ्यात घुसणार नाही… हो, होतं तसं… पण इथे बसून नाही कळत गं, तू स्वतः पिंजऱ्यात उभी राहा, मग मी बसवते. रिकाम्या पिंजऱ्यावर दिवा बसवून काय उपयोग? तुझी उंची, तुझी मान, तू वाकतेस किती… आणि पाणी आलंच तर येऊ दे. साक्ष देताना आलं तर काय बिघडलं?… हो… हो, बाबा असते तर हेच म्हणाले असते, मान्य… कुठवर आलीस?… म्हणजे? दाराला कुलूप लावतेयस? बोलता बोलता तयार झालीस? मघाशी येणार नव्हतीस ना!… राखाडीच नेसून बसली होतीस?… आई, तू म्हणजे अगदी… हॅलो?… हॅलो?… अगं, डोळ्याच्या औषधाचे थेंब घे बरोबर… आई?"

फोन केव्हाच कट झाला होता.

ठमीने तो खिशात टाकला, मोजे पुन्हा चढवले आणि विंगेतून उंच शिडी ओढत रंगमंचाच्या डाव्या अंगाला आणली. शिडीचा एक पाय हलत होता. तिने वळून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"साहेब, जरा इकडे या. शिडी धरा."

दिग्दर्शक क्षणभर बसून राहिला. मग उठला, चष्मा डोळ्यांवर ओढला, रंगमंचावर चढला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभा राहिला.