तळ्यावरचा निळा सदरा

सकाळभर तळ्याकाठचे फोटो काढून दमलेली यून्शी बसच्या रांगेत उभी होती. पुढे गावातल्या दोन म्हाताऱ्या जावा बोलत होत्या.

"जाऊबाई, तळ्यावर धुण्याला बंदी होती ना? पाणी हललं की फोटोत घरांची पाण्यातली सावली मोडते म्हणून?"

"ते गेल्या वर्षी, छुइफेन. आता फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना धुणारी बाईच हवी झालीय. पर्यटनवाले साहेब पगार देतात मला."

"घरी मशीन असताना?"

"मशीनचा फोटो कोण काढणार?"

"पूर्वी तिथल्या दगडांवरून भांडायचो आपण."

"सासूबाईंचा दगड बळकावलास, तेव्हा पाठीत धोपटणं खाल्लंस की!"

"आता सगळे दगड मोकळे. रोज धुता तरी काय?"

"ह्यांचा निळा सदरा."

"अजून जपलाय? भावजींना जाऊन किती वर्षं झाली!"

"भातखाचरातून यायचे ते चिखलाचा गोळा होऊन. धुताना शिव्यांची लाखोली वाहायचे मी. अजून वाहते. पाहुण्यांना वाटतं, गाणं म्हणतेय."

"चला, काहीतरीच!"

"पण सदरा विरलाय गं आता. साहेब म्हणतात, नवं लाल कापड देतो, फोटोत उठून दिसेल."

"मग घ्या की."

"घेईन. पण शिव्या कुणाला घालू?"