नाक उघडण्याआधी

चिंबोते या मासेमारीच्या बंदरातल्या दवाखान्यात माझ्यापुढे एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या अंगावर मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याचे कपडे होते.

बायको त्याला सांगत होती, "चिरफाड नाही म्हणाले डॉक्टर. नाकातून बारीक नळी घालतात, आत इवलासा फुगा फुगवतात. सायनसची वाट मोकळी. संध्याकाळी घरी."

"पुढच्या वर्षी केलं तर?"

"लग्नाआधीपासून कपाळ ठणकतंय, फाउस्तो. आता नाही सोसवत."

"नाक उघडलं की वास यायला लागेल तुला."

"येऊ दे की."

"माझा येईल, नेलिदा. बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही. तू एकटीच येऊन बसलीस, तेव्हाच मी ठरवलं, हिच्याशीच लग्न करायचं. मग कळलं, तुझं नाक चोंदलेलं."

"मग रोज कारखान्यातून निघताना अंगाला लिंबू चोळतोस, ते कोणासाठी?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? चोंदलीय ती उजवी बाजू. डावी कधीच बंद नव्हती. आता सरक जवळ, जरा डोकं टेकू दे."