चौदा तारीख, साडेअकरा

अण्णा : भाषणातलं हे वाक्य काढ. 'प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असतो.' ऐकणाऱ्यांना पेंग येईल.

सल्लागार : बाकी सगळं काढा अण्णा, तेवढं ठेवा. त्या एका वाक्यासाठी तर उभी राहतेय मी.

अण्णा : तू उभी राहतेयस कारण मी दोन महिन्यांनी निवृत्त होतोय आणि सल्लागार संघाला नवा अध्यक्ष हवाय. बाकीचे दोन उमेदवार म्हणजे आनंदच आहे. एक तर स्वतःच्या भाषणात स्वतः डुलक्या काढतो.

सल्लागार : थट्टा नको हो. अठरा वर्षं या खुर्चीत बसून मुलांना सांगतेय, हा विषय घे, तो सोड, नापास झालीस तरी रस्ता आहे. सुरुवातीला दीडशे मुलं होती माझ्याकडे. कोणाचे वडील आजारी, कोण कामाला जाऊन शिकतंय, सगळं तोंडपाठ. आता सहाशे बारा आहेत. चेहरे आठवत नाहीत मला. रोल नंबर आठवतात, तेही शेवटचे तीन आकडे.

अण्णा : हेच बोल की मग. एका सल्लागाराकडे अडीचशेच्या वर मुलं नकोत. बघ कशा टाळ्या पडतात. महिनाभर हिंडलीस, पंधरा कॉलेजं पालथी घातलीस. तू निवडून आल्यातच जमा आहेस.

सल्लागार : आणि खोट्या नोंदींची भरणी बंद करायची. तेही बोलणार आहे.

अण्णा : ते मात्र नाही. भरणी सगळे करतात आणि बोलत कोणी नाही. तू बोललीस की समोर बसलेला प्रत्येक जण मनात म्हणेल, ही आपल्याला उघडं पाडणार.

सल्लागार : पण हे बरं आहे का? सत्र संपताना आठवडाभर बसून सहाशे मुलांच्या भेटी लिहून काढायच्या, ज्या झाल्याच नाहीत. 'विद्यार्थिनीशी चर्चा झाली. अडचण नाही. प्रगती समाधानकारक.' एकदा टाइप करायचं आणि सगळ्यांच्या फायलीत चिकटवत सुटायचं. यंदा तर नावंही न वाचता चिकटवलं, खरं सांगते.

अण्णा : तारखा पसरून टाकल्यास ना? एका दिवशी सहाशे भेटी दिसायला नकोत.

सल्लागार : टाकल्या. वेळासुद्धा टाकल्या. तुम्हीच शिकवलंय. साडेअकरा, पावणेबारा, बारा.

अण्णा : मग झालं तर. अध्यक्ष हो, मग काय बंद करायचं ते कर. हा घे फॉर्म. अनुमोदक म्हणून माझी सही झालीय, तुझी कर आणि पाचच्या आत पोचता कर. दाराशी कोण आहे?

(दारात बसचालकाच्या गणवेशातला माणूस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.)

वडील : आत येऊ का मॅडम? दोन मिनिटं घेतो फक्त. साडेचारची गाडी काढायचीय मला.

सल्लागार : या, बसा.

वडील : तुम्हीच त्या ना? दुसऱ्या वर्षाच्या सल्लागार? बरं झालं बाई, भेटलात. तीनदा येऊन गेलो मी. बाहेरचे क्लार्क म्हणायचे, मॅडम दौऱ्यावर आहेत, संघाची निवडणूक आहे.

सल्लागार : हो, जरा बाहेर होते. काय काम होतं?

वडील : माझी मुलगी तुमच्याकडे आहे. म्हणजे, तुमच्या यादीत आहे. दीड महिना झाला, घरातून गेलीय. अकरा तारखेला सकाळी कॉलेजला जाते म्हणाली, डबा घेतला, आणि गेली ती गेली. फोन बंद. पोलिसांत दिलंय.

सल्लागार : अरेरे. मला... मला काहीच कल्पना नव्हती.

वडील : तुमची चूक नाही मॅडम. एवढी मुलं. मी तुमचे आभार मानायला आलोय.

अण्णा : आभार?

वडील : हो सर. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसातून तिच्या फायलीची नक्कल काढून घेतली. सगळे कागद बघितले. शेवटच्या पानावर मॅडमनी लिहिलंय. थांबा, दाखवतो. हे. 'चौदा तारीख, सकाळी साडेअकरा. विद्यार्थिनीशी चर्चा झाली. अडचण नाही.' चौदा, मॅडम. अकराला गेली आणि चौदाला इथे येऊन तुमच्याशी बोलून गेली. जीव भांड्यात पडला माझा. बायकोनं त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

सल्लागार : तुम्ही... पाणी घेता का?

वडील : नको. मला एवढंच सांगा, काय म्हणाली ती? घरचं काही बोलली का? परीक्षेच्या फॉर्मवरून मी थोडा ओरडलो होतो. तेवढंच. ते मनात धरलं का तिनं?

सल्लागार : मला नीट... म्हणजे त्या दिवशी...

अण्णा : अहो, मॅडमकडे दिवसाला चाळीस मुलं येतात, कसं आठवणार? पण तुमच्या मुलीचं मला आठवतंय. मी इथेच बसलो होतो. ठीक होती हो. हसून बोलली.

वडील : हसली?

अण्णा : हसली की. काळजी करू नका. या वयात मुलं रुसून जातात, येतात परत.

वडील : सर, कपडे कुठले होते, आठवतंय का? पोलिसांना सांगायला लागतं.

अण्णा : आता ते कसं... निळं काहीतरी होतं. निळी ओढणी असावी.

वडील : निळी? घरून निघाली तेव्हा पिवळी होती. निळी तर तिच्याकडे नाहीच. म्हणजे कोणीतरी दिलीय. म्हणजे कोणाच्या तरी घरी आहे. डोक्यावर छप्पर आहे, मॅडम. हे फार मोठं सांगितलंत सर तुम्ही. थांबा, लिहून घेतो. निळी ओढणी.

सल्लागार : अण्णा, पुरे.

वडील : त्या दिवशी डबल ड्यूटी होती माझी, बरं का. या कॉलेजवरूनच जाते गाडी. चौदा तारखेला चार वेळा गेलो फाटकासमोरून. साडेअकराची फेरी तर माझीच. ती आत बसलेली आणि मी बाहेर सिग्नलला उभा. हे डोक्यातून जात नाही. जरा मान वळवून बघितलं असतं तर?

सल्लागार : त्याचा विचार करू नका.

वडील : करतो ना. रोज करतो. बरं, निघतो. एक फोन करायचाय. तिकडे लांबच्या डेपोत कँटीनवाली एक बाई आहे. ती म्हणाली होती, बारा तारखेला अशीच एक मुलगी येऊन काम आहे का विचारत होती. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिथे फोटो लावायचो. पण चौदाला ती इथे होती म्हटल्यावर तिकडचं सोडलं. हवालदारालाही सांगितलं, तिकडे शोधू नका, इकडेच बघा. तीन आठवडे इथलेच रस्ते पालथे घालतोय. आता त्या बाईलाही कळवतो, ती दुसरीच कोणी असेल म्हणून. उगाच बिचारी वाट बघत असेल.

सल्लागार : थांबा. तो फोन करू नका.

अण्णा : त्यांना गाडी आहे. जाऊ दे त्यांना.

सल्लागार : अण्णा, तुम्ही गप्प बसा. दादा, खाली बसा. मी सांगते ते ऐका. चौदा तारखेला ती इथे आली नव्हती.

वडील : पण इथे लिहिलंय.

सल्लागार : मी लिहिलंय. सत्राच्या शेवटी लिहिलंय, सगळ्यांचं एकदम. भेट झालेली नसते, तरी लिहावं लागतं. म्हणजे लिहावं लागत नाही, आम्ही लिहितो. तारीख मनाने टाकतो. तिच्या वाट्याला चौदा आली.

वडील : आणि साडेअकरा?

सल्लागार : तेही मनाने.

वडील : मग सरांनी बघितली ती?

सल्लागार : सरांनी कोणाला बघितलं नाही. मला वाचवायला बोलले ते.

वडील : निळी ओढणी?

सल्लागार : नाही हो. काही नव्हतं.

अण्णा : तुला कळतंय का तू काय करतेयस? ही काय पद्धत झाली? एक नोंद चुकली म्हणून तू सगळ्यांना...

सल्लागार : चुकली नाही अण्णा. खोटी आहे. ते तीन आठवडे चुकीच्या गावात पोरगी शोधतायत.

अण्णा : मग हळूच सांगायचं होतं. 'तारखेत गफलत असेल' म्हणायचं. ते तिकडे गेले असते आणि तूही राहिली असतीस.

वडील : मॅडम, मला हे लिहून द्याल का? माझ्या सांगण्यावर हवालदार ऐकणार नाही. तो म्हणेल, कॉलेजच्या कागदावर चौदा आहे. त्याची झेरॉक्स मीच नेऊन दिलीय त्याला.

सल्लागार : देते.

अण्णा : लिहून? शिक्क्यासकट? हे बघ, तुझी एक नोंद खोटी ठरली की चौकशी लागेल, आणि मग माझ्या वीस वर्षांच्या नोंदी बाहेर येतील. दोन महिने राहिलेत माझे. मी तुला हाताला धरून या कामात आणलं, आणि तू मलाच तोंडघशी पाडणार?

सल्लागार : मी फक्त माझं लिहितेय. तुमचं नाव नाही घालत.

अण्णा : नावाची गरज काय? तो फॉर्म दे इकडे. दे म्हणतो ना. ही बघ, खोडली सही. आता अनुमोदक शोध दुसरा, तासाभरात मिळतो का बघ. भाषण तुझ्याकडेच ठेव. येतो मी.

वडील : माझ्यामुळे तुमचं काही...

सल्लागार : तुमच्यामुळे काही नाही. बसा. लिहून होतंय. 'वर नमूद केलेल्या दिवशी सदर विद्यार्थिनी मला भेटलेली नाही. ही नोंद मी भेट न घेता केली आहे.' एवढं चालेल?

वडील : मला काय कळतंय. तुम्ही शिकलेल्या. मॅडम, एक विचारू?

सल्लागार : विचारा.

वडील : ती तुमच्याकडे कधी आलीच नव्हती का? एकदासुद्धा?

सल्लागार : बघते. एक मिनिट. आली होती. पहिल्या सत्रात. ही नोंद मात्र खरी आहे, तिची सही आहे खाली. विषय बदलून मागत होती. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती, म्हणून मी नाही म्हटलं.

वडील : कुठला विषय?

सल्लागार : गणित सोडायचं होतं तिला.

वडील : मी सांगितलं होतं गणित घे. परीक्षेचा फॉर्म तिनं त्याच्यासाठीच भरला नव्हता, त्यावरून ओरडलो. काय म्हणाली ती, तुम्ही नाही म्हटल्यावर?

सल्लागार : लिहिलेलं नाही. चार मिनिटांची भेट दिसतेय.

वडील : हा तिचा फोटो. बघून आठवतं का काही?

सल्लागार : नाही.

वडील : नीट बघा. इथे केस मोकळे आहेत, एरवी वेणी घालायची.

सल्लागार : नाही आठवत दादा. खोटं नाही सांगत आता.

वडील : राहू द्या.

सल्लागार : मी येते तुमच्यासोबत पोलिसांत. आज, आत्ता. मीच सांगते त्यांना.

वडील : आत्ता गाडी आहे माझी. उद्या रजा टाकतो आणि तिकडे जातो, डेपोत. ती कँटीनवाली अजून आहे का बघतो. तीन आठवड्यांत मुलगी किती लांब जाते, काय सांगावं.

सल्लागार : मला माफ करा, असं म्हणायचीही लाज वाटते.

वडील : म्हणू नका. म्हणजे त्या दिवशी मी फाटकासमोरून गेलो, तेव्हा ती आत नव्हती.

सल्लागार : नव्हती.

वडील : तेवढं एक बरं झालं. बायकोला काय सांगू, ते कळत नाहीये फक्त. तिनं या कागदाची झेरॉक्स देवाजवळ ठेवलीय.

सल्लागार : खरं ते सांगा.

वडील : खरं काय आहे त्यात सांगण्यासारखं? अकरालाच गेली, हे तिला माहीत होतंच. या कागदात ती आमच्याजवळ तीन दिवस जास्त होती. येतो मॅडम. गाडी सुटायची वेळ झाली.